झोन मोजून औषध होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमुक महाविद्यालयात जिवाणूनाशक नवे संयुग तयार झाले, अशा बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. त्यामागची मेहनत मी जवळून पाहिली आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना रसायनशास्त्रात पीएचडी करणारी मुले इवल्याशा बाटल्या घेऊन आमच्या विभागात यायची. त्यांत चाल्कोन, शिफ बेस, थायाझोल यांसारखे एखादे संयुग. महिनोन्‌महिने राबून, कॉलम लावून शुद्ध केलेले. आम्ही ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून, जिवाणू पसरलेल्या आगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटमधल्या खड्ड्यात घालायचो आणि दुसऱ्या दिवशी भोवतीचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेले वर्तुळ, पट्टीने मोजायचो. तो मिलिमीटरचा आकडा प्रबंधात गेला की बाटली कपाटात. किती चांगले रेणू असे पडून असतील, या विचाराने आजही जीव तुटतो.

कारण हा आकडा फसवा आहे. तेलकट रेणू आगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे तो प्रभावी असला तरी झोन लहानच दिसतो. खरी ताकद कळते ती एमआयसीवरून, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेवरून. शिवाय ते संयुग माणसाच्या पेशीही मारत असेल तर? जिवाणू तर फिनेलनेही मरतात. उलटही घडते. जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांचे प्रॉन्टोसिल हे जिवाणूविरोधी औषध परीक्षानळीत निष्प्रभ होते. 1932 मध्ये उंदरांवर तपासले म्हणूनच ते हाती लागले. शरीरात त्यातून सल्फानिलामाइड हा प्रभावी घटक सुटतो, हे पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडले.

आमच्या विभागांकडे एवढ्या चाचण्यांसाठी पैसा नसतो, हे खरे. पण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने 2015 मध्ये याचसाठी ‘को-ॲड’ हा उपक्रम सुरू केला. कोणत्याही देशातल्या संशोधकाने थोडेसे संयुग पाठवायचे. एमआरएसए, क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर यांच्यासह पाच जिवाणूंवर आणि दोन बुरशींवर ते विनामूल्य तपासायचे, आशादायक ठरल्यास मानवी पेशींवरही, अशी ही योजना. संयुगावरचा हक्क पाठवणाऱ्याकडेच राहतो. अशी सोय आपल्या विद्यापीठांनी मिळून राज्यात एका ठिकाणी का उभारू नये? मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीचे नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुमारे 14 वर्षांच्या संशोधनानंतर आले. एमआयसी ही त्या वाटेवरची पहिली पायरी, आणि आमची मुले तिच्याही अलीकडे थांबतात.

नुसते झोनचे तक्ते असलेले प्रबंध विद्यापीठांनी स्वीकारू नयेत. आणि आपल्या वार्ताहरांनी बातमी देण्याआधी संशोधकाला जरूर विचारावे: एमआयसी किती आली, आणि मानवी पेशींवर तपासले का?

– एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा