मालिकांवरील कादंबऱ्यांना ‘अधिकृत’ची कसोटी कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विज्ञानकथा मालिकांवर आणि चित्रपटांवर बेतलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांविषयी आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला एवढी जागा मिळाली, याबद्दल आपले मनापासून आभार. तथापि लेखातील मुख्य प्रतिपादन मला मान्य नाही. पडद्यावर घडले तेवढेच खरे, कादंबरीतले कथानक मालिकेची मालक कंपनी केव्हाही रद्द करू शकते, म्हणून ही पुस्तके म्हणजे मालिकेची जाहिरात आणि त्यांत वेळ घालवणे व्यर्थ, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. माझ्या मते कादंबरी चांगली की वाईट हे तिच्या पानांवरून ठरते. पुढे कोणी तिच्यावर अधिकृततेचा शिक्का मारला की पुसला, यावरून नव्हे.

हा वाद परदेशातला असला तरी आमच्याकडेही तो चालतो. परभणीत, नांदेडमध्ये, छत्रपती संभाजीनगरात अशा मालिकांचे चाहते आहेत आणि त्यांच्यात सरळ दोन पिढ्या दिसतात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची अमेरिकी मालिका पाहिलेली आमची एक पिढी, आणि सगळ्या मालिका मोबाइलवर पाहणारी आजची मुले. आमच्या पिढीला ही पुस्तके योगायोगानेच मिळत. हैदराबादला गेलेले कोणीतरी आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून पाने पिवळी पडलेल्या दोन-चार कादंबऱ्या घेऊन येई, आणि मग त्या घरोघर फिरत. त्यांतले कथानक मालिकेशी जुळते की नाही, हे कळायला मार्गच नव्हता; त्यामुळे पुस्तक हे पुस्तक म्हणूनच वाचले जाई. आजच्या मुलांपुढे सगळी माहिती हजर असते. माझ्या कपाटातून पुस्तक घेताना ‘हे कॅनन आहे का?’ असा त्यांचा पहिला प्रश्न असतो, म्हणजे हे कथानक कंपनीला मान्य आहे का. आणि उत्तर नकारार्थी आले की बरीच मुले पुस्तक परत ठेवतात. ही मुले हुशार आहेत, चोखंदळही आहेत. परंतु हा प्रश्न सर्वांत आधी विचारल्यामुळे ती कशाला मुकतात, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

उदाहरणादाखल जॉन एम. फोर्ड यांची ‘द फायनल रिफ्लेक्शन’ ही १९८४ सालची कादंबरी घ्यावी. मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत दाखवली गेली. तिच्यातले क्लिंगॉन ही परग्रहावरची एक लढाऊ जमात, म्हणजे बहुतांशी एकसुरी खलनायक. फोर्ड यांनी अख्खी कादंबरी त्या क्लिंगॉनांच्या बाजूने लिहिली. तिचा नायक एक अनाथ मुलगा आहे. बुद्धिबळाच्या जातीच्या एका खेळात तो जिवंत सोंगटी म्हणून पटावर उतरतो, तेथे त्याची चमक पाहून एक मातब्बर सेनानी त्याला आपल्या घराण्यात दत्तक घेतो, आणि पुढे हाच मुलगा जहाजाचा कप्तान होऊन पृथ्वीच्या राजदूताला आपल्या साम्राज्यात घेऊन येतो. हा राजदूत कट्टर शांततावादी आहे आणि त्याचे आडनाव टागोर आहे. ज्या समाजात युद्ध हाच धर्म मानला जातो, तेथे शस्त्राला हात न लावणारा हा माणूस भित्रा नाही, हे नायकाला कळू लागते. आणि ते कुठेही भाषणबाजी न करता, केवळ प्रसंगांतून दाखवले आहे. विशेष म्हणजे या कथेला जी चौकट आहे, तिच्यात मालिकेचा कप्तान कर्क स्वतः हेच वादग्रस्त पुस्तक वाचताना दिसतो. यातले खरे किती, हा प्रश्न लेखकाने कथेच्या आतच उभा केला आहे.

पुढे १९८७पासून आलेल्या नव्या मालिकेने क्लिंगॉनांची संस्कृती वेगळ्या पद्धतीने मांडली. त्यामुळे फोर्ड यांचे चित्रण आजच्या हिशेबाने अधिकृत राहिले नाही. पण त्यामुळे पटावर उभ्या असलेल्या त्या मुलाचे एकटेपण कमी झाले का? ज्यांनी ही कादंबरी वाचली आहे, त्यांच्यात मला तरी असे म्हणणारा कोणी भेटलेला नाही.

कादंबऱ्या मालिकेच्या मागून फरफटत जातात, हा समजही पुरता खरा नाही. मूळ मालिकेत सुलू या पात्राला पहिले नावच नव्हते. ‘हिकारू’ हे नाव त्याला व्होंडा मॅकिन्टायर यांनी १९८१च्या ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीत दिले, आणि १९९१च्या चित्रपटात ते पडद्यावर उच्चारले गेले. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेतल्या राजधानीच्या ग्रहाचे कोरुसांट हे नाव टिमथी झान यांच्या १९९१च्या कादंबरीतून आले. ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’ हिची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. तिच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या अनेक भागांच्या चित्रफिती बीबीसीने पुसून टाकल्या किंवा नष्ट केल्या, आणि नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. घरी चित्रफीत लावून पाहण्याची सोय नसलेल्या त्या काळात, १९७३पासून निघालेल्या स्वस्त कादंबऱ्यांनीच त्या कथा मुलांपर्यंत पोहोचवल्या. टेरन्स डिक्स या एकट्या लेखकाने अशी साठाहून अधिक पुस्तके लिहिली. भाषा सोपी, प्रकरणे आटोपशीर, आणि वर्णन इतके नेमके की न पाहिलेला प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहावा. हीच मालिका १९८९ साली बंद पडली, तेव्हा पुढची कितीतरी वर्षे तिची कथा मुख्यतः पुस्तकांतून पुढे गेली. त्यांपैकी पॉल कॉर्नेल यांच्या १९९५च्या कादंबरीत मालिकेचा नायक डॉक्टर आपली ओळख विसरून, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्लंडमधल्या एका शाळेत साधा शिक्षक म्हणून राहतो आणि एका बाईच्या प्रेमात पडतो. मालिका पुन्हा सुरू झाल्यावर, २००७ साली, ही कथा कॉर्नेल यांनीच पडद्यासाठी लिहून दिली. कादंबरी आधी बाराएक वर्षे वाचली गेली आणि अधिकृत नंतर झाली. मधल्या काळात ज्यांनी ती वाचली, त्यांनी वेळ वाया घालवला असे कोण म्हणेल?

चाहत्यांच्या रागालाही कारणे आहेत, हे नाकारता येणार नाही. १९९९च्या एका ‘स्टार वॉर्स’ कादंबरीत च्युबाका हे सर्वांचे लाडके पात्र, आपल्या मित्राच्या मुलाला वाचवताना, ग्रहावर कोसळणाऱ्या चंद्राखाली मरण पावले. तेव्हा लेखकावर संतापाचा भडिमार झाला. ज्यांनी तो मृत्यू मनाला लावून घेतला, त्याच्या दुःखासह पुढची पुस्तके वाचली, त्यांना एप्रिल २०१४मध्ये सांगण्यात आले की आजवरच्या या सगळ्या कादंबऱ्या यापुढे ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, म्हणून ओळखल्या जातील. २०१५च्या चित्रपटात च्युबाका जिवंत होता. ‘स्टार ट्रेक’च्या बाबतीत २००१पासून जवळपास वीस वर्षे लेखकांनी एकमेकांच्या कादंबऱ्यांचे धागे जुळवत एक प्रचंड सलग कथा विणली होती, २०२०मध्ये आलेल्या नव्या मालिकेने वेगळाच भविष्यकाळ दाखवला, आणि २०२१च्या तीन कादंबऱ्यांत लेखकांना आपल्या हाताने ते विश्व मिटवावे लागले. आमच्या चाहत्यांच्या गटातल्या एका प्राध्यापकांनी ती तीन पुस्तके वाचून संपवली आणि त्यानंतर या विषयावर बरेच दिवस ते काही बोललेच नाहीत. ‘पुसूनच टाकायचे होते तर वाचायला का लावले?’ हा चाहत्यांचा प्रश्न रास्त आहे, पण तो कंपनीला विचारायला हवा. त्याची शिक्षा पुस्तकाला कशासाठी?

आम्हा मराठवाड्याच्या वाचकांना तर याचे नवल वाटू नये. पैठणच्या नाथमहाराजांचे भावार्थ रामायण त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. युद्धकांडाचा राहिलेला भाग आणि त्यापुढची कथा त्यांचा शिष्य गावबा याने रचून ग्रंथ तडीस नेला. पारायणात गावबाचा भाग आला म्हणून कोणी पोथी मिटत नाही. नाथांचे नातू मुक्तेश्वर यांनी महाभारत ओवीबद्ध करताना मुळात नसलेली कितीतरी वर्णने आपल्या प्रतिभेने घातली, आणि रसिकांनी त्यांचे कौतुकच केले. दुसऱ्याने मांडलेल्या पात्रांना घेऊन आपली रचना करणे, हे आपल्या वाङ्मयात कमीपणाचे कधीच मानले गेलेले नाही.

यावर असा आक्षेप येईल, आणि आमच्या गटात तो आलाही, की रामायण-महाभारत सर्वांचे आहे, मालिका मात्र एका कंपनीच्या मालकीची; तिच्यावर लिहिणारा लेखक ठराविक मानधनावर, ठराविक मुदतीत, ठराविक बंधनांत लिहितो. हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचे दुष्परिणामही दिसतात. अशा पुष्कळ कादंबऱ्या घाईच्या असतात. शेवटच्या प्रकरणात सगळी पात्रे जिथल्या तिथे नेऊन ठेवायची सक्ती असल्याने संकट कितीही मोठे असले तरी कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही, आणि वाचकाला ते तिसऱ्या प्रकरणातच कळते. अशी पुस्तके मी अर्ध्यावर सोडलेली आहेत. पण ती सोडली ती कंटाळवाणी म्हणून. अनधिकृत म्हणून नव्हे. मालकीचा प्रश्न छपाईच्या हक्काचा आणि पैशाचा आहे, आणि तेथे चाहत्यांनी लेखकाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. ॲलन डीन फॉस्टर यांचे उदाहरण ताजे आहे. १९७७चा पहिला ‘स्टार वॉर्स’ चित्रपट येण्याच्या काही महिने आधी त्याची कादंबरी बाजारात आली. तिच्यावर नाव जॉर्ज लुकास यांचे होते, लिहिली होती फॉस्टर यांनी. आपल्या पुस्तकांची रॉयल्टी कंपनीची मालकी बदलल्यावर थांबली, अशी त्यांची तक्रार अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्ये जाहीरपणे मांडली, तेव्हा जगभरातले वाचक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कोणते पुस्तक कॅनन आणि कोणते नाही यावर एरवी हमरीतुमरीवर येणारे चाहते त्या प्रश्नावर एकत्र आले, याचे मला फार समाधान वाटले.

शिक्का न पाहता मजकूर पाहण्याची रीत मराठी विज्ञानकथेला अपरिचित नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. परीक्षकांसमोर नाव नव्हते, केवळ कथा होती, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. नारळीकर गेल्यावर आपल्याच वृत्तपत्रात ही आठवण अनेकांनी सांगितली. तोच न्याय या कादंबऱ्यांना का लावू नये?

आपल्यामार्फत मला दोन विनंत्या करावयाच्या आहेत. एक, आमच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या समित्यांना. पुस्तकखरेदीची यादी करताना ‘ही मालिकांची पुस्तके, ती कशाला’ असे म्हणून ही नावे सरसकट खोडली जातात, हे मी जवळून पाहिले आहे. अनुदान तुटपुंजे असते आणि इंग्रजी पुस्तके महाग पडतात, हे मान्य. तरीही वर्षाकाठी निवडक चार-पाच कादंबऱ्या घेतल्या, तर कॉलेजच्या ज्या मुलांना इंग्रजी वाचनाची धास्ती वाटते, ती ओळखीच्या पात्रांच्या आधाराने तीनशे पानांचे पुस्तक सहज संपवतात, हा शिक्षिका म्हणून माझा अनुभव आहे. दुसरी विनंती आपल्याला. पुरवणीत या कादंबऱ्यांवर सरसकट लेख छापण्याऐवजी एकेका पुस्तकाचे परीक्षण छापावे, आणि त्यात कथानक अधिकृत आहे की नाही याची नोंद हवी तर शेवटच्या ओळीत असावी. सुरुवात फोर्ड यांच्या कादंबरीने करता येईल. आपली संमती असल्यास आठशे शब्दांचे परीक्षण मी पंधरा दिवसांत पाठवीन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी