मंत्रिमहोदय, हर्णैची एक गच्ची हवी आहे

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

हर्णैच्या समुद्रात नौकांवरचा रेडिओ कुठवर पोचतो, हे मोजायला तिथली एक गच्ची हवी आहे. पुण्यात बसून समुद्राची उठाठेव कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अँटेना शिकवतो, आजोळ कोकणातल्या हर्णैचं. मामेभावाच्या नौकेवर व्हीएचएफची, म्हणजे बिनतारी बोलण्याच्या रेडिओची, अँटेना आहे, पाण्यापासून चारेक मीटर उंच. किनाऱ्यावर ६४ मीटरचा मनोरा धरला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे संपर्काचा हिशेब ४१ किलोमीटरच्या आसपास संपतो. हा झाला कागद.

पाण्यावर तसं घडत नाही. लहर सरळही पोचते आणि पाण्यावर आपटूनही. आपटलेली उलटी होऊन येते, मग दोघी एकमेकींना खातात. ठरावीक अंतरापुढे अंतर दुप्पट झालं की ताकद चौथ्या नव्हे, सोळाव्या हिश्शावर येते. त्यात नौका डोलते, अँटेना कलते. याउलट कधी समुद्रालगतच्या थंड, ओल्या हवेवर गरम कोरडी हवा येऊन बसते, लहरी त्या थरात अडकतात आणि भलत्याच लांब जातात. ‘काल इथंच रेंज होती,’ असं मामेभाऊ म्हणतो तेव्हा तो थापा मारत नसतो.

पालघरला ऑगस्ट २०२४ मध्ये लाखभर नौकांसाठी उपग्रहावर चालणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची (नौकेवरच्या संदेशयंत्राची) योजना सुरू झाली. चांगलंच झालं. पण नाखवे एकमेकांशी बोलतात ते व्हीएचएफवरच. आणि लहरीची ताकद अंतरागणिक किती घटते याचं, आम्ही वर्गात शिकवतो ते ओकुमुरांचं प्रसिद्ध गणित १९६० च्या दशकात टोकियो परिसरात मोजून बेतलेलं! कोकणचं गणित कोकणातच मोजायला हवं.

ते स्वस्तात होईल. मोठी जहाजं एआयएस या आपोआप चालणाऱ्या रेडिओ यंत्रणेवरून आपला ठावठिकाणा सतत सांगत असतात, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे व्हीएचएफच्या शेजारीच. किनाऱ्यावर एक रिसीव्हर ठेवला, की कुठून किती ताकदीने ऐकू आलं याची नोंद फुकट मिळते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीतही, कारण जहाजं थांबत नाहीत. त्यांच्या अँटेना उंच असतात, म्हणून सोबत दहा-बारा नौकांवरही नोंदयंत्रं लागतील. लाटांचं खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्राला विचारू, हवेचं पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेला.

रिसीव्हर तयार आहे, विद्यार्थ्यांनीच जोडलाय. गच्चीच्या परवानगीसाठी एका कार्यालयात अर्ज दिला, त्याला आठ महिने झाले. मधे एकदा ‘रेडिओ केंद्र काढताय का?’ अशी विचारणा झाली. आपल्या खात्याच्या हर्णैच्या इमारतीची गच्ची आणि विजेचा एक प्लग, वर्षभरासाठी, एवढंच मागणं आहे. नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवू.

आपला,
अँटेना शिकवणारा एक मास्तर, पुणे