युद्धकवितेत रचनाही बोलते

माननीय संपादक,
स. न.

युद्धकवितेचे रसग्रहण करताना ‘युद्धाची भीषणता’ एवढेच लिहून आशय उरकला जातो आणि रचनेकडे सहसा कोणी वळत नाही. पहिल्या महायुद्धात लढलेले इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन यांची १९१७ मधील ‘डुल्के एट डेकोरम एस्ट’ ही कविता पाहावी. तिच्या २८ ओळी म्हणजे जणू लागोपाठ ठेवलेली दोन सुनीतेच (सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता). परंतु विषारी वायूचा हल्ला होताच ओळी मध्येच तुटतात, त्यांत आरोळ्या घुसतात आणि पुढे अवघ्या दोन ओळींचे एक सुटे कडवे येते, ज्यात गुदमरणारा सैनिक कवीच्या स्वप्नांत त्याच्यावर झेपावतो. याच कडव्यात भूतकाळ सोडून क्रियापद वर्तमानात येते. गोणपाटाखालच्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांची सुरुवातीची उपमा सर्वांनाच आठवते (आणि ती आहेही तशीच जबरदस्त), पण मला हा काळबदल अधिक मोलाचा वाटतो, कारण घडून गेलेला प्रसंग कवीपुरता सरलेलाच नाही, हे तो एकाही विशेषणाविना सांगतो. शेवटी येणारे, देशासाठी मरणे गोड आणि उचित असल्याचे रोमन कवी होरेसचे, शीर्षकातलेच लॅटिन वचनही कवी ‘जुने असत्य’ ठरवूनच उद्धृत करतो.

आपला,
एक वाचक