कोणता पंप?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला मुलांच्या दम्यावरचा लेख वाचला. धूळ, धूर, गारवा सगळ्यांना त्यात जागा मिळाली. आम्हाला रात्र रात्र जागवणारी साधी सर्दी मात्र एका ओळीत उरकली.

माझी मुलगी सात वर्षांची. क्रम ठरलेला. आधी नाक गळतं, दुसऱ्या दिवशी कोरडा खोकला, तिसऱ्या रात्री श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते आणि ‘आई, पाणी दे’ एवढंही एका दमात म्हणवत नाही. हे आमच्याच घरचं नव्हे. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमा उसळण्याच्या सुमारे ८० टक्के प्रसंगांत विषाणू सापडले होते, त्यांत सर्वाधिक सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस.

हा विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरात शिरला की तिथल्या पेशी धोक्याचे रासायनिक इशारे सोडतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो, भोवतीचे स्नायू आवळतात. मुलांच्या नळ्या आधीच अरुंद. त्यात दमेकरी मुलांचं अस्तर एरवीही थोडं सुजलेलंच असतं, म्हणून ज्या सर्दीत मोठा भाऊ नुसता शिंकतो, त्याच सर्दीत हिला दवाखाना गाठावा लागतो.

आता लेखातलं ते वाक्य: ‘त्रास वाटल्यास पंप वापरावा.’ कोणता पंप? साल्ब्युटामॉलचा तातडीचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, तेही काही तासांपुरते. सूज उतरवणं त्याचं कामच नाही. ते काम स्टिरॉइडच्या पंपाचं, आणि ज्याला तो रोज घ्यायला सांगितलाय त्याने बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी छातीतली शिट्टी थांबली, पोरगी उड्या मारू लागली, म्हणून डॉक्टरांना न विचारता आम्हीच रोजचा पंप बंद केला. ‘सवय लागेल’ असं चारचौघांनी सांगितलं होतं; खरं तर आम्हालाही तेच ऐकायचं होतं. पुढच्याच सर्दीत तिला ऑक्सिजन लावावा लागला.

पुढच्या पुरवणीत तेवढं एक वाक्य दुरुस्त करून छापावं, ही विनंती.

आपली,
एका दमेकरी मुलीची आई