सोळा मीटरची तार

नाशिक,
१८ जानेवारी

प्रिय बंडू,

विमान उडालं! हातातल्या दोन तारांवर गोल फिरणारं, छोटं इंजिन बसवलेलं मॉडेल. फोनवर तुला एवढंच सांगितलं आणि बाकीचं मुद्दाम पत्रासाठी ठेवलं. यातलं प्रत्येक काम आता तुलाही करायचं आहे, आणि हाताला डिंक लागलेला असताना फोनवरचं बोलणं आठवत नाही. कागद समोर टाचून ठेवता येतो.

आपलं पहिलं विमान तुला आठवत असेलच. एन.सी.सी. एअर विंगमध्ये कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तीन महिने खपून केलेलं. चाकं जमिनीवरून सुटली, मी मनगट वर केलं आणि ते सरळ खाली आलं. तारांच्या क्लिपा आपण उलट अडकवल्या होत्या. वरची खाली, खालची वर. इतकी वर्षं ती चूक माझ्या मनात आहे. तू तेव्हा काहीच बोलला नाहीस, नुसता तुकडे गोळा करत राहिलास. त्यातलं वाचलेलं इंजिन माझ्याकडे आलं, हँडल तुझ्याकडे गेलं. हे नवं विमान मी त्या इंजिनासाठी केलं.

इंजिन म्हणजे आपलं कलकत्त्याचं ऑरोरा डिझेल, अडीच सीसीचं. पेटीतून काढलं तेव्हा घट्ट आवळलेलं होतं, प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, हलेना. मला वाटलं गंजलं. पण आत गंज नव्हता, जुनं एरंडेल सुकून डिंकासारखं झालं होतं. रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवलं, मग गरम पाण्याच्या भांड्याशेजारी ऊब दिली, आणि तिसऱ्या दिवशी प्रॉप बोटानं फिरला. जोर लावून फिरवलं असतं तर कनेक्टिंग रॉडच वाकला असता. तुझ्याकडे एखादं जुनं इंजिन निघालं तर पक्कड लावू नकोस.

प्लॅन निवडला तो एका जुन्या इंग्लिश मासिकातला. प्रोफाइल फ्यूजलाज, म्हणजे अंगाला एकच जाड फळी, आणि नव्वद सेंटिमीटरचा पंख. पहिल्यांदा याहून अवघड घेऊ नये. त्याची प्रत काढून आणली आणि तिथेच पहिला धडा मिळाला. प्लॅनवर पंखाची अर्धी बाजू ४५० मिलिमीटर लिहिलेली, आणि माझ्या प्रतीवर फूटपट्टी ठेवली तर ४५४. रुंदीला मात्र बरोबर. यंत्रात कागद सरकताना लांबीकडे ताणला गेला होता. चार मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण रिबा, म्हणजे पंखाच्या फासळ्या, एका मापाच्या आणि स्पार, म्हणजे पंखभर जाणारा लांब दांडा, दुसऱ्या मापाचा झाला की खाचेत खाच बसत नाही. म्हणून प्रत हातात आली की आधी छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष रेघ ताडून पाहा, आणि विश्वास आकड्यावर ठेव.

दुसरी गोष्ट. प्लॅनवर बहुधा एकच पंख काढलेला असतो, दुसरा त्याचा उलटा. मी उलटं चित्र काढायला बसलो होतो, तेवढ्यात कुठंतरी वाचलेली युक्ती आठवली. कागदाला खोबरेल तेल चोळलं. पाच मिनिटांत तो पारदर्शक झाला, उलटा पसरला आणि दुसरा पंख समोर हजर. त्यावर मेणकागद आणि मग टाचण्या.

बाल्साची, म्हणजे त्या अगदी हलक्या लाकडाची, फळी विकत घेताना ती नुसती पाहू नकोस, वजन कर. एकाच मापाच्या दोन फळ्या, तीन मिलिमीटर जाड, तीन इंच रुंद, तीन फूट लांब. एक पंचवीस ग्रॅमची निघते, दुसरी चाळीसची. दोन्ही बाल्साच, दोन्ही लांब इक्वेडोरकडूनच आलेल्या असतात, पण झाड वेगळं. हलकी रिबांना, जड स्पारला. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन बसलो आणि फळ्यांच्या कडेवर पेन्सिलीनं ग्रॅम लिहून ठेवले. पंखाच्या सगळ्या रिबा एकाच आकाराच्या होत्या, त्यामुळे दोन प्लायवुडच्या साच्यांमध्ये बाल्साचे तुकडे रचून, बोल्ट आवळून, सगळ्या एकदम घासल्या. एका संध्याकाळी झालं. एकेक कापत बसलो असतो तर दोन रिबा सारख्या आल्या नसत्या.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्र. बंडू, प्लॅन तुला काय जोडायचं ते सगळं सांगतो, पण कशानंतर काय जोडायचं ते सांगत नाही. ते आपणच शोधायचं असतं, आणि मला त्यातच या कामाचा सगळा आनंद वाटला. बेलक्रँकचंच बघ, तारांची ओढ शेपटीकडे वळवणारा तो फिरता तुकडा. पंखाच्या मुळाशी प्लायवुडच्या तुकड्यावर तो बसतो, त्याच्या दोन टोकांना दोन लीडआऊट तारा जोडलेल्या, आणि तिसऱ्या भोकातून पुशरॉड मागे एलिव्हेटरला, म्हणजे शेपटीवरच्या वर-खाली हलणाऱ्या पट्टीला, जातो. लीडआऊट आतल्या, म्हणजे हँडलकडच्या डाव्या, पंखाच्या प्रत्येक रिबेतून बाहेर येतात. म्हणजे पंखावर टिश्यूचा पातळ कागद चढवण्याआधी भोकं पाडून, तारा ओवून, बेलक्रँक फिरवून बघून मगच पंख बंद करायचा. मी पंख डिंकानं जोडून, पॉलिशपेपर मारून, टिश्यू कापायला घेतला आणि तेव्हा लक्षात आलं की तारा हातातच आहेत. तीन रिबा पुन्हा उघडल्या. त्या दिवसापासून पुढचं कुठलंही काम सुरू करायच्या आधी संध्याकाळी प्लॅनसमोर नुसतं बसायचं आणि मनात एकदा विमान शेवटापासून सुरुवातीपर्यंत उलगडायचं, असं ठरवलं. चाकं काढली, टाकी काढली, कागद काढला, तारा काढल्या. उलट्या क्रमानं सगळं दिसतं.

टाकी तुपाच्या डब्याच्या पत्र्याची केली. ती पाचरीच्या आकाराची असते, कारण विमान गोल फिरताना इंधन बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. म्हणून ओढणारी नळी बाहेरच्या कोपऱ्यात, मागच्या कडेला. सोल्डर केल्यावर पाण्यात बुडवून फुंकून बघ, बुडबुडा आला तर तिथं पुन्हा कथील. इंधन म्हणशील तर ईथर, रॉकेल आणि एरंडेल समसमान, वर दीड-दोन टक्के अमाइल नायट्रेट. ईथर घरात उघडू नकोस, बाहेर अंगणात आणि विस्तवापासून दूर. हे मी फार गंभीरपणे सांगतो आहे.

डाव्या पंखाला तारांचा भार असतो, म्हणून उजव्या टोकाला वीस ग्रॅम शिसं. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या चालतात. लीडआऊट जिथून बाहेर पडतात ती जागा वजनकेंद्राच्या जराशी मागे ठेव. तारांना हवा मागे ओढत असते, त्यामुळे नाक किंचित बाहेर राहतं आणि तारा ताणलेल्या राहतात. इंजिन आणि रडर, म्हणजे शेपटीवरची उभी पट्टी, हेही थोडे बाहेरच्या बाजूला वळवले. हे सगळं एकाच कारणासाठी. तार सैल पडली तर विमान तुझं राहत नाही.

तू विचारलं होतंस ही कल्पना मुळात कोणाची. अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडचा जिम वॉकर, त्यानं १९४० मध्ये ‘फायरबॉल’ हे विमान विकायला आणलं आणि पेटंटही घेतलं. पण १९५५ साली ते पेटंट न्यायालयात टिकलं नाही, कारण त्याच राज्यातल्या ओबा सेंट क्लेअरनं त्याच्या आधीच तारांवर विमान उडवलं होतं. मी जेव्हा बेलक्रँक फिरवून पाहतो तेव्हा मला सेंट क्लेअर आठवतो. तारा, हँडल, तो एक वाकडा तुकडा, आणि यापलीकडे आजही फारसं काही लागत नाही.

तारा मी १५.९२ मीटर ठेवल्या, स्पर्धेतल्या टीम रेसच्या मापाच्या. त्या मापावर दहा फेऱ्या म्हणजे बरोबर एक किलोमीटर. हा हिशेब मला इतका आवडला की दुसरं माप मी घेतलंच नाही. उडवण्याआधी प्रत्येक वेळी स्प्रिंगच्या काट्यानं विमान ओढून पाहिलं, वजनाच्या दहापट, म्हणजे साडेपाच किलो. आणि मैदानाच्या आसपास विजेची तार आहे का ते पहिलं पाहिलं. पोलादी तारा हातात असताना ते विसरून चालत नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर गेलो. थोरलीनं विमान धरलं होतं. मी हँडल हातात घेतलं, पट्टा मनगटाला बांधला, आणि मग बंडू, मी तिला मोठ्यानं म्हणायला लावलं, “वर!” मनगट वर, एलिव्हेटर वर. “खाली!” एलिव्हेटर खाली. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा तिनं आपणहून केलं. मग इंजिन. आठव्या फटक्याला ते पेटलं, नीडल, म्हणजे इंधनाची सुई, थोडी आवळली, आवाज एकसारखा झाला. तिनं हात सोडला.

पंधरा पावलं धावून विमान उचललं गेलं. हाताला ओढ लागली. साडेपाचशे ग्रॅमचं विमान, एक फेरी साधारण साडेपाच सेकंदांत, आणि ओढ किलोहून थोडी जास्त. पण आकडा म्हणजे ती ओढ नाही. हातातली तार थरथरते, इंजिनाचा प्रत्येक फटका बोटाला कळतो, वाऱ्याविरुद्ध गेलं की ओढ कमी होते आणि वारा पाठीशी आला की पुन्हा भरते. पतंगाच्या मांज्यासारखं, पण पतंग आपण म्हणू तिथं जात नाही. मी फक्त विमानाकडे पाहत राहिलो, मागची झाडं फिरत होती ती पाहिली नाहीत, म्हणून चक्कर आली नाही. बत्तीस फेऱ्या मोजल्या. इंधन संपलं, आवाज थांबला, मी एक एक पाऊल मागे घेत तार ताणलेली ठेवली आणि ते गवतावर टेकलं. पंखाला ओरखडाही नाही.

थोरली धावत आली आणि आधी एकच विचारलं, “काका येणार आहेत ना, त्यांना दाखवायचंय.”

प्लॅनची एक प्रत पाकिटात घातली आहे. ४५४ वाली नाही, नवी काढून घेतली, आकडे ताडून पाहिले आहेत. होळीपर्यंत पंख उभे कर. वहिनींना नमस्कार सांग, आणि अंगणात ईथर आणलंस तर त्यांना आधी सांग.

आणि आपलं ते जुनं प्लायवुडचं हँडल, पट्टा फाटलेलं, माळ्यावर असेल. ते काढून ठेव आणि येताना घेऊन ये. मी नवं हँडल केलंय, पण त्यावर “वर” लिहिलेलं नाही. जुन्यावर ते तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

तुझा,
नाना