विमान अडलं ते इंजिनापायी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मेसरश्मिट २६२ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जेट लढाऊ विमानावरचा पानभर लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचल्यावर राहवेना, म्हणून आज सकाळीच कागद घेऊन बसलो. लेखकाने मेहनत घेतली आहे, भाषा ओघवती आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण सगळा लेख एकाच खुंटीला टांगलेला आहे: हिटलरने या विमानाला बॉम्ब लावायचा हट्ट धरला, म्हणून ते उशिरा आलं, नाहीतर जर्मनीचं आकाश वाचलं असतं. मी हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर होतो, त्यातली बरीचशी मिग-२१ च्या इंजिनावर गेली. त्यामुळे हे वाक्य वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एवढ्या मोठ्या लेखात इंजिनाचं साधं नावही नाही!

नाव आहे युमो ००४. युंकर्स कंपनीत आन्सेल्म फ्रांझच्या हाताखाली तयार झालेलं. विमानाचा सांगाडा तयार होता, इंजिन नव्हतं, ही या विमानाची पहिल्यापासूनची रड. १८ एप्रिल १९४१ ला ते पहिल्यांदा उडालं तेव्हा नाकात साधं पिस्टन इंजिन आणि पंखा होता. २५ मार्च १९४२ ला बीएमडब्ल्यूची दोन जेट इंजिनं लावून उडवलं, तर उड्डाण होताच दोन्ही बंद पडली. नाकातलं पिस्टन इंजिन काढलेलं नव्हतं म्हणून चालक फ्रिट्झ वेंडेल जिवंत परतला. निव्वळ जेटवर ते उडालं १८ जुलै १९४२ ला, लाइपहाइमच्या धावपट्टीवरून, दोन युमो ००४ लावून. हिटलरसमोर इन्स्टरबर्गला त्याचं प्रात्यक्षिक झालं २६ नोव्हेंबर १९४३ ला, आणि बॉम्बचा विषय निघाला तो तेव्हा. विमान लढाऊ म्हणूनच बनतंय हे कळून त्याने आकांडतांडव केलं ते मे १९४४ मध्ये. आता लेखकाने मला एवढंच सांगावं, की त्या दिवसापर्यंत कारखान्यातून भरवशाची किती इंजिनं बाहेर पडत होती? १९४४ उजाडेपर्यंत या इंजिनाचं पूर्ण उत्पादनच सुरू होऊ शकलं नव्हतं. आदेशाने घोळ वाढवला हे मला मान्य आहे. पण इंजिनाशिवाय उभ्या असलेल्या विमानाला बॉम्ब लावला काय आणि तोफा लावल्या काय!

का सुरू झालं नव्हतं, हा खरा विषय. टर्बाइनचं, म्हणजे तापलेल्या वायूने फिरणाऱ्या चाकाचं, ब्लेड (पातं) लाल होईपर्यंत तापतं आणि त्याच वेळी मिनिटाला हजारो फेरे घेत असतं. त्यासाठी निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम लागतं. जर्मनीकडे ते पुरेसं नव्हतं. सुरुवातीच्या नमुन्यात त्यांनी ते वापरलं, पण कारखान्यात घाऊक बनवायच्या इंजिनात ते परवडणारं नव्हतं. मग कम्बशन चेंबर, म्हणजे इंधन जळतं ते कप्पे, साध्या पोलादाच्या पत्र्याचे केले आणि गंजू नयेत, जळू नयेत म्हणून वर अॅल्युमिनियमचा थर दिला. ब्लेड पोकळ केली, आतून हवा खेळवली. पुढे निकेलऐवजी मँगनीज घातलेला मिश्रधातूही वापरला. अशा सामानातून सुमारे ९०० किलो जोर देणारं, आठ टप्प्यांच्या कॉम्प्रेसरचं (हवा दाबणाऱ्या भागाचं) इंजिन त्यांनी उभं केलं. फिटर म्हणून मी त्या लोकांच्या हिकमतीपुढे हात जोडतो. पण त्याचं आयुष्य होतं १० ते २५ तास. तेवढ्या वेळात इंजिन उतरवायचं! आमच्याकडे एवढ्या कमी तासांत इंजिन उतरवायची पाळी आली असती तर अख्ख्या स्क्वाड्रनची झोप उडाली असती.

इंजिन सुरू करायची तऱ्हाही लेखात यायला हवी होती. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी, मधल्या टोपीत, रीडेल नावाचं छोटं दोन-स्ट्रोक इंजिन बसवलेलं असे. ते आधी सुरू करायचं, त्याने मोठं इंजिन फिरवायचं. विजेने चालू झालं नाही तर टोपीतून बाहेर आलेली कडी धरून दोरी ओढायची, आपल्याकडे लग्नाच्या मांडवात जनरेटर सुरू करतात तशी. मुलांना हे वाचायला किती आवडलं असतं.

आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा! तो जपून, हळूहळू पुढे सरकवावा लागे. घाईने ढकलला तर इंजिन विझायचं किंवा पेटायचं. म्हणजे ८७० किलोमीटर वेगाने कोणालाही मागे टाकणारं हे विमान उतरताना अगदी लाचार असे, कारण वेग एकदा कमी केला की पटकन वाढवता येत नसे. मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांनी हे हेरलं आणि ते विमानतळांवरच टपून बसू लागले. आखमर आणि हेझेपे या जर्मन विमानतळांवरच्या, वाल्टर नोवोत्नी या वैमानिकाच्या तुकडीला उतरताना-चढताना राखण करायला फोके-वुल्फ १९० डी-९, म्हणजे लांब नाकाची पिस्टन विमानं ठेवावी लागली. खुद्द नोवोत्नी, २५८ विमानं पाडलेला माणूस, ८ नोव्हेंबर १९४४ ला गेला. एक इंजिन गेल्याचं त्याने रेडिओवर कळवलं होतं.

विमानात दम नव्हता असं मी म्हणत नाही. १८ मार्च १९४५ ला ३७ विमानं १,२२१ बॉम्बफेकी विमानांच्या ताफ्यावर तुटून पडली. त्यांनी १२ बॉम्बफेकी पाडली आणि स्वतःची ३ गमावली. नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या, काहींच्या पंखांखाली २४ रॉकेटं होती. पण एकूण १,४०० हून जास्त विमानं बांधली गेली आणि एका वेळी लढायला तयार अशी त्यातली थोडीच असत. इंजिन नाही, इंधन नाही, तयार वैमानिक नाहीत. आणि ती बांधली कोणी, याबद्दल लेखात एक अक्षर नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं. ऑस्ट्रियात सेंट गेऑर्गेनच्या भुयारात गुझेन छळछावणीतल्या कैद्यांकडून या विमानाची धडं करून घेतली जात होती. त्या छावणीत हजारो माणसं मेली. वेगाचे आकडे देताना त्यांना एक परिच्छेद द्यायला हरकत नव्हती.

आपल्याला या विषयाशी काय कर्तव्य, असं कोणी म्हणेल. वर सांगितलेल्या त्या राखणदार फोके-वुल्फचा निर्माता कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला आणि त्याने आपलं मरुत हे लढाऊ जेट विमान बनवलं. १७ जून १९६१ ला ते उडालं. देखणं विमान. पण ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनाच्या भरवशावर आखलं होतं ते इंजिन ब्रिटनमध्ये पूर्णच झालं नाही. कमी जोराच्या ऑर्फियसवर भागवावं लागलं आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न बघणारं विमान ध्वनीच्या वेगाशीच धापा टाकत राहिलं. १९७१ ला राजस्थान आघाडीवर मरुत जिद्दीने लढलं. तरी मरुतचा विषय निघाला की आजही लोक टँकला नाहीतर सरकारला नावं ठेवतात. इंजिनाचं नाव कोणी घेत नाही.

हे सगळं मला एवढं का लागलं, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका शाळेने विज्ञान प्रदर्शनात मला बोलायला बोलावलं होतं. मी याच विमानावर तयारी करून गेलो. सोबत एक मातीचा माठ आणि एक ग्राइंडिंग व्हील (धातू घासायचं दगडी चाक) नेलं. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. आयटीआयमध्ये व्हील मशीनवर चढवण्याआधी ठोकून नाद ऐकायला शिकवतात, तडा असेल तर आवाज बद्द येतो. ते मुलांना वाजवून दाखवलं. मग सांगितलं की १९४३ च्या उन्हाळ्यात युमोची टर्बाइन ब्लेड फटाफट तुटू लागली आणि कारण सापडेना, तेव्हा फ्रांझने एका व्यावसायिक वादकाला बोलावलं. त्याने व्हायोलिनचा गज ब्लेडवर फिरवला आणि प्रत्येक ब्लेड कोणत्या सुरात वाजतं ते कानाने ओळखलं. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, म्हणजे सूर जुळला म्हणून ते तुटलं?"

वीस वर्षांच्या नोकरीत मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात संयोजकांनी माइक घेतला. वेळ संपत आलाय, काका, मुलांना जरा तो हिटलरचा किस्सा सांगा, हे ब्लेडबिड जड होतंय, असं म्हणाले. मी किस्सा सांगितला. टाळ्या पडल्या. ती मुलगी खाली बसली, आणि तिला उत्तर न देता मी घरी आलो. ते अजून मला टोचतं. रविवारी आपल्या पुरवणीत पुन्हा तोच किस्सा, पुन्हा ब्लेड गायब!

जाता जाता आणखी एक. लेखाबरोबर छापलेला फोटो मेसरश्मिट २६२ चा नाहीच. ते मेसरश्मिट १६३ हे रॉकेटवर उडणारं विमान आहे. एकच माणूस बसेल असं ठेंगणं धड, मागे आडवी शेपटी नाही, शेपटाशी रॉकेट. २६२ ला दोन्ही पंखांखाली एकेक इंजिन लटकलेलं दिसतं, ते शाळकरी मुलगाही ओळखेल. गेल्या महिन्यात आपण एका मालवाहू विमानाच्या फोटोओळीतही 'लढाऊ विमान' छापलं होतं. त्या वेळी मी पोस्टकार्ड टाकलं, पण दुरुस्ती दिसली नाही. या वेळी तरी छापावी.

आणि त्या मुलीच्या घरी आपला अंक येत असेल, तर तिच्यासाठी: हो बाळा, सूर जुळला म्हणूनच. युमोला सहा कम्बशन चेंबर होते, त्यामुळे प्रत्येक ब्लेडला एका फेरीत सहा धक्के बसायचे. टर्बाइनच्या मागे तीन आधार होते, त्यांचीही त्यात भर पडायची. इंजिन पूर्ण वेगावर आलं की हे धक्के ब्लेडच्या स्वतःच्या सुराशी जुळायचे. झोका बरोबर वेळेवर ढकलत राहिलं की तो उंच जातो, तसं ब्लेड जास्त जास्त थरथरायचं आणि तुटायचं. त्यांनी ब्लेड १ मिलिमीटरने आखूड केलं, टोकाकडे जास्त निमुळतं केलं, आणि इंजिनाचा सर्वोच्च वेग मिनिटाला ९,००० फेऱ्यांवरून ८,७०० वर आणला. सूर बदलला. ब्लेड तुटायची थांबली.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर, नाशिक