तुम्ही आईला एक वाफा दिलात

चौकातल्या बागेच्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार,

काकू, हे पत्र खरं तर तुमच्या नावानं लिहायला घेतलं होतं. पण मग रिक्षा स्टँडवरचे काका राहिले असते, कॉलेजची मुलं राहिली असती आणि समोरच्या सोसायटीचे वॉचमनदादा तर हटकून राहिले असते. म्हणून सगळ्यांना मिळून लिहिते. उघड लिहिते, कारण कोथरूडच्या या रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना फुलं दिसतात, तुम्ही दिसत नाही. लोक गाड्या बाहेर काढेपर्यंत तुमचं काम आटोपलेलं असतं.

बाबा गेल्यावर आई गुहागरचं घर बंद करून आमच्याकडे आली. जन्मभर परसात वावरलेलं माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलं की त्याचं काय होतं, हे ज्यांच्या घरी घडलंय त्यांना सांगायला नको. जेवायची, गोळ्या घ्यायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण “कुठे चालू? सगळीकडे गाड्या,” म्हणत ती फाटकापासूनच मागे फिरायची. ट्रान्सफॉर्मरशेजारच्या त्या तिकोनी तुकड्यावर तुम्ही हात घातलात तो त्याच पावसाळ्यात.

ती जागा आधी काय होती, ते नव्यानं राहायला आलेल्यांना सांगून पटायचं नाही. कमरेएवढं गाजरगवत, त्यात कुणीतरी रात्रीतून टाकलेला राडारोडा, चहाचे कप. गाजरगवताचं आणि पुण्याचं नातं जुनं आहे. १९५०च्या दशकात हे तण म्हणून पहिल्यांदा डोळ्यांवर आलं ते पुण्यातच, आणि नंतर ते देशभर पसरलं. अंगाला लागलं की खाज, फुलोऱ्यात असलं की दमेकऱ्यांचे हाल, आणि एकेका झाडाला हजारो बिया. तुम्ही ते नुसतं कापून टाकलं नाहीत. पहिल्या सरींनी माती मऊ झाल्यावर, फुलोरा धरायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटलंत. कापलेलं पुन्हा फुटतं. उपटलेल्या जागी झेंडू पेरलात, आणि आपोआप उगवलेला टाकळा मुद्दाम राहू दिलात, कारण टाकळा आणि झेंडू दाट वाढले की गाजरगवताला डोकं वर काढू देत नाहीत. जमिनीखाली केबल आणि वर तारा, म्हणून मोठी झाडं लावायचा मोह टाळलात आणि कुदळीऐवजी खुरप्यानं काम केलंत. उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज करून मगच सुरुवात केलीत. हे सगळं मला नंतर आईकडून कळलं.

आई थांबली ती त्या टाकळ्यापाशी. माझा हात सोडून खाली वाकली आणि म्हणाली, “अगो, हा तर टाकळा!” कोकणात पहिल्या पावसानंतर टाकळ्याची कोवळी भाजी घरोघरी होते. पुण्यात, रस्त्याच्या कडेला, तिच्या ओळखीचं काहीतरी पहिल्यांदाच निघालं होतं.

काकू, त्या क्षणी तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. “वा आजी, छान,” असं म्हणून तुम्हाला पुढच्या वाफ्याकडे वळता आलं असतं. म्हाताऱ्या माणसांशी आपण सगळे तसंच बोलतो. तुम्ही विचारलंत, “आजी, आमच्याकडे अबोलीचं बी काही केल्या हाती लागत नाही. बोंडं वाळेपर्यंत थांबतो, तर रिकामीच सापडतात. काय करायचं?” तुम्हाला खरंच उत्तर हवं होतं. ते आईला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी तयार होऊन बसली होती. अबोलीच्या तुऱ्यावरची तपकिरी झालेली बोंडं तिनं एकेक करून खुडली, पितळेच्या वाटीत ठेवली, वर चिमूटभर पाणी शिंपडलं आणि पदराचं टोक वाटीवर धरलं. पाच-दहा क्षण काहीच झालं नाही. मग आतून टक्‌ असा आवाज, पुन्हा टक्‌, आणि मग भराभरा. वाळलेल्या बोंडाला ओल लागली की ते तडकतं आणि बिया लांब उडवून देतं. तुम्ही रोज झारीनं पाणी घालत होतात, आणि तुमच्याच पाण्यानं बी उडून डांबरावर पडत होतं. पदर उचलला तेव्हा वाटीच्या तळाशी चपट्या बिया पडलेल्या होत्या. कॉलेजच्या मुलांनी आईला तीन-तीनदा ते करायला लावलं आणि मोबाइलवर उतरवून घेतलं. घरी येईपर्यंत ती बोलत होती. कुणाच्या अंगणात कोणती अबोली होती, कुणाची जास्त केशरी, कुणाची पिवळसर.

त्या आठवड्यातच तुम्ही तिला कोपऱ्यातला वाफा दिलात. हा आजींचा, इथे काय लावायचं ते आजी ठरवणार, असं सगळ्यांसमोर सांगितलंत. तिनं अबोली लावली, कडेला गुलबक्षी. गुलबक्षी दुपारी उशिरा उमलते, म्हणून तिला आता संध्याकाळचीही एक फेरी लागते. मिऱ्यासारख्या काळ्या बिया ती रुमालाच्या गाठीत बांधून आणते आणि पुड्या करून त्यावर तारीख घालते. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं त्यात कधीच होऊन जातं. गुडघे दुखतातच, पण ते आता तिच्या बोलण्यात शेवटी येतात.

तुमच्याकडून मी शिकले ते सांभाळण्याचं काम. जुलैत रोप लावून फोटो काढणारे पुष्कळ आहेत, त्यांचंही वाईट नाही. पण पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबर, आणि उरलेले आठ महिने पाणी माणसानंच आणायचं असतं. पाणीकपातीच्या दिवसांत तुम्ही घरोघरी बादल्या ठेवायला सांगितल्यात, भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यासाठी. रिक्षावाले काका पहिली फेरी सुरू करायच्या आधी पाण्याचे कॅन मागच्या सीटवर ठेवून आणून देतात. त्याचे पैसे विचारले तर त्यांना राग येतो, हे मला माहीत आहे. म्हणून इथे फक्त आभार.

वाळक्या पानांचंही तसंच. फेब्रुवारीत आमच्या गल्लीत ढीग पेटवायची पद्धतच होती, आणि आईला त्या धुराचा खोकला सुटायचा. घनकचरा नियमांनुसार रस्त्यावर असा कचरा जाळायला बंदी आहे, पण नियमाची प्रत दाखवून कुणी काडी खाली ठेवत नाही. तुम्ही पानं मागितलीत. “पेटवू नका, आम्हाला द्या, पोती आमची,” एवढंच म्हणालात. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’सारख्या उपक्रमानं पानं असलेल्यांची आणि पानं हवी असलेल्यांची गाठ घालून दिलीच आहे. तुम्ही ते एका गल्लीत करून दाखवलंत. ती पानं वाफ्यांवर पसरल्यामुळे एप्रिलमध्ये माती हाताला ओली लागते. मी स्वतः बोट घालून पाहिलं आहे.

आणि देवाच्या फुलांचा प्रश्न! सकाळी पिशवी नि आकडी घेऊन फिरणारी मंडळी प्रत्येक गल्लीत असतात, आणि त्यावरून किती सोसायट्यांत भांडणं झालीत. तुम्ही बाहेरच्या बाजूनं तगर, जास्वंद आणि कुंदाची रांग लावलीत आणि पाटी लिहिलीत: “देवासाठी इथली फुलं अवश्य न्या. आतली बियांसाठी ठेवली आहेत.” आतल्या फुलांना आता कुणी हात लावत नाही. ज्या आजोबांशी सगळे वाद घालायचे, तेच अधूनमधून कुंदाला आळं करताना दिसतात. माणसांवर इतका विश्वास टाकणं मला जमलं नसतं, असं मी तेव्हा आईला म्हणाले. आई म्हणाली, “गावाला कुंपणाबाहेर एक जास्वंद ठेवायचीच असते.” तिच्या दृष्टीनं त्यात नवल काहीच नव्हतं.

दसऱ्याचं तर सांगायलाच हवं. झेंडूची तोरणं उतरल्यावर तुम्ही ती घराघरांतून गोळा केलीत, वाळवलीत, आणि पुढच्या जूनसाठी बी काढलंत. आईनं गच्चीत चटई अंथरून त्या कामाची सगळी सूत्रं हातात घेतली. आमच्या इमारतीतल्या ज्या बायकांना ती तोवर नावानंही ओळखत नव्हती, त्या तिच्याभोवती बसून पाकळ्या सोडवत होत्या. संध्याकाळी तिनं सगळ्यांना कोकम सरबत दिलं. बाबा गेल्यानंतर तिनं आपण होऊन कुणाला काही करून दिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

काकू, काका, दादा आणि मुलांनो, तुमच्यापैकी कुणीही हे आईवर उपकार म्हणून केलं नाही. तुम्हाला अबोलीचं बी हवं होतं, तिला ते काढता येत होतं. पण विचारलंत तुम्ही. रोज तिच्याजवळ राहणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा नेमकं तुम्ही विचारलंत, आणि त्याबद्दल आमचं अख्खं घर तुमचं ऋणी आहे.

आता एक विनंती. मे महिन्यात आम्ही आईला घेऊन गुहागरला जातोय, घर उघडायला. तेवढे दिवस तिच्या वाफ्याला पाणी घालाल ना? गुलबक्षी सुकल्यासारखी दिसली तरी उपटू नका, खाली गड्डा जिवंत असतो, असा तिचा खास निरोप आहे. अबोलीची बोंडं वॉचमनदादांनी खुडून वाटीत ठेवावीत, पाणी घालू नये, ते ती आल्यावर करेल. येताना परसातले सोनटक्क्याचे कंद आणणार आहे. जिथं पाणी मुरायला वेळ लागतो त्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी जागा धरून ठेवा. आणि रिक्षावाल्या काकांसाठी आमसुलं, तेवढी तरी त्यांनी नाही म्हणू नयेत.

तुमची,
कोपऱ्यातल्या वाफ्यावाल्या आजींची मुलगी